आवृत्तीकर

सिडनीच्या पश्चिम उपनगरांत राहणाऱ्या आम्हां मराठी कुटुंबांच्या लहानशा मंडळात ज्या गृहस्थांना सारे आवृत्तीकर म्हणून ओळखतात, त्यांच्या पासपोर्टावर हे आडनाव नाही. पासपोर्टावरचे आडनाव कोकणातल्या एका गावावरून पडलेले असून ते आता केवळ विजेच्या बिलापुरते उरले आहे. मनुष्य ज्या गावचा, त्या गावाला 'कर' लावून त्याला हाक मारावी ही आपल्याकडची जुनी वहिवाट; आणि हे गृहस्थ गेली कित्येक वर्षे कोकणात नव्हे, सिडनीतही नव्हे, तर संगीत-ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरची एक आवृत्ती चालू आहे आणि दुसरी येऊ घातली आहे, अशा दोहोंच्या शिवेवर मुक्काम ठोकून असल्यामुळे, एका कोजागरीस, मसाल्याच्या दुधाचा दुसरा पेला हातात असताना, हे आडनाव त्यांस सर्वानुमते बहाल करण्यात आले. त्यांना राग आला नाही. "नुसतं आवृत्तीकर नको, कितवी तेही लिहा," एवढीच दुरुस्ती त्यांनी सुचवली.

दिवसा ते पॅरामाट्यातील एका कचेरीत हिशेबनिसी करतात. तेथे त्यांची कीर्ती अत्यंत सावध आणि काटकसरी मनुष्य अशी आहे, हे ऐकून आमच्या मंडळातील प्रत्येकास आजवर एकदा तरी ठसका लागला आहे. भेटताच प्रकृतीची किंवा मुलाबाळांची चौकशी करण्याऐवजी "सध्या कितवी चालू आहे?" असा प्रश्न ते करतात, आणि माझ्यासारखा निवृत्त शिक्षक, ज्याचा संगणक वर्तमानपत्र वाचण्यापलीकडे कशाच्या अध्यात नाही, तो निरुत्तर झाला की असाध्य रोग्याची नाडी सोडताना वैद्य ज्या नजरेने पाहतो त्या नजरेने ते माझ्याकडे पाहतात. अपडेट आणि अपग्रेड यांतला भेद न जाणणाऱ्याशी ते संगीताविषयी बोलतच नाहीत. "मास्तर, अपडेट म्हणजे भिंतीला चुना," त्यांनी मला एकदा समजावले, "तो घरमालक फुकट लावून देतो. अपग्रेड म्हणजे बिऱ्हाड बदलणं. त्याला पैसा, मुहूर्त आणि घरच्यांची समजूत, तिन्ही लागतात." यांपैकी पैसा ते ओव्हरटाइम करून उभा करतात, मुहूर्त स्वतः काढतात, आणि घरच्यांची समजूत घालण्याची कामगिरी माझ्यावर सोपवतात.

त्यांची मोटार बारा महिने उन्हापावसात रस्त्यावर उभी असते, कारण तिच्या हक्काच्या गराजात स्टुडिओ नांदत असतो. भिंतींना सासूबाईंनी पाठवलेल्या गोधड्या ठोकलेल्या आहेत, त्याही ऊब यावी म्हणून नव्हे, तर ध्वनी परावर्तित होऊ नये म्हणून. आणि सासूबाई इकडे आल्या तेव्हा आपल्या हातची रेशमी काठाची गोधडी खिळ्यांवर टांगलेली पाहून त्या दोन दिवस जावयाशी बोलल्या नव्हत्या. मध्यभागी सिडनीतच घडणारा रोड कंपनीचा मायक्रोफोन एखाद्या कुलदैवताप्रमाणे उभा असतो, आणि त्याच्यासमोर चपला घालून उभे राहण्याची कोणाची प्राज्ञा नाही.

"सिडनीत राहून जुनी आवृत्ती वापरायची म्हणजे पंढरपुरात राहून चंद्रभागेला पाय न लावण्यासारखं," असे ते म्हणतात, आणि पुराणिकाने वंशावळ सांगावी तसा या नगरीचा महिमा सांगू लागतात. १९५१ साली येथील एका संगणकाने जमलेल्या लोकांसमोर 'कर्नल बोगी' या कूचगीताची धून वाजवली. पुढे सिझरॅक या नावाने प्रसिद्धीस आलेल्या या खोलीभर यंत्राची स्मृती अवघ्या ७६८ शब्दांची होती. त्याला जो भोंगा बसवलेला होता तो काही गाण्यासाठी नव्हता, गणित संपले की तशी वर्दी मिळावी एवढ्यापुरता होता. परंतु जेफ हिल नावाच्या सुरांची जाण असलेल्या गणितज्ञाने त्या भोंग्यालाच सूर लावायला शिकवले. त्या वादनाचे ध्वनिमुद्रण मात्र कोणी केले नाही, हे सांगताना आवृत्तीकरांचा कंठ दाटून येतो. त्यानंतर ते येतात फेअरलाइटवर. १९७५ साली पीटर व्होगेल आणि किम रायरी या दोन तरुणांनी आपल्या कंपनीला सिडनीच्या बंदरात धावणाऱ्या एका नौकेचे नाव दिले आणि १९७९ साली असे वाद्य सिद्ध केले की, जगातला कोणताही आवाज त्यात साठवावा आणि पट्ट्यांवर हव्या त्या सुरात वाजवावा. व्होगेलने प्रथम नभोवाणीवरून ऐकू येणाऱ्या पियानोचा सेकंदभराचा तुकडा घेऊन ही युक्ती पडताळून पाहिली. पुढे पीटर गॅब्रिएल आणि केट बुश यांच्यासारख्या गायकांनी ते वाद्य जगभर गाजवले. "पण खरी गोष्ट पुढेच आहे," आवृत्तीकर बोट वर करतात, "पहिली मालिका निघाली, मग दुसरी, मग तिसरी! अपग्रेडचं मूळ गोत्र इथलं!" त्या वाद्याला तेव्हा एखाद्या घराएवढी किंमत पडे, हेही ते वहिनींच्या देखत आवर्जून सांगतात, जेणेकरून स्वतःचा खर्च त्या मानाने किरकोळ ठरावा. त्यावर वहिनी शांतपणे म्हणतात, "म्हणजे अजून घर शिल्लक आहे, हेच नशीब."

आवृत्तीकरांचे पंचांग आपल्याहून निराळे आहे. दिवाळीनंतर तुळशीचे लग्न लागते की नाही याची त्यांस वार्ता नसते. परंतु अमेरिकेतला ब्लॅक फ्रायडे, जेव्हा सारी सॉफ्टवेअरे सवलतीत निघतात, तो न्यूयॉर्कात मध्यरात्री सुरू होतो तेव्हा सिडनीत दुपारचे चार वाजलेले असतात, हे त्यांना झोपेतही सांगता येते. मग अमेरिकी डॉलरांचे ऑस्ट्रेलियन डॉलर, त्यावर १० टक्के जीएसटी, त्यातून जुन्या ग्राहकाची सूट वजा, अशी जमाबंदी कचेरीच्या कागदाच्या पाठीमागे सुरू होते. नवी आवृत्ती जाहीर होण्याच्या थोडेसे आधी ज्याने जुनी विकत घेतली असेल त्याला नवी फुकट द्यावी, अशी या धंद्यात एक उदार चाल आहे. आवृत्तीकरांनी मात्र दरवेळी त्या मुदतीच्या चार दिवस अगोदर खरेदी करण्याचा विक्रम अबाधित राखला आहे.

पैसे भरले की कबुलायत येते. पूर्वी कुळाने जमीनदारास लिहून द्यावी तशीच ती असते: कसणार तुम्ही, मालकी आमची, नांगर मोडला तर आम्ही जबाबदार नाही, आणि वाटेल तेव्हा बांधावरून उठवण्याचा अखत्यार आमचा. सारे जग ती न वाचता मान्य करते. आवृत्तीकर हिशेबनीस असल्यामुळे ती अथपासून इतिपर्यंत वाचतात, दोन ठिकाणी व्याकरणाच्या चुका काढतात, आणि मग मान्य करतात. त्यानंतरची सनद आता परस्पर आंतरजालावरून रुजू होते. पूर्वी ती बोटाएवढ्या चावीत असे आणि संगणकाच्या कुशीत खोचावी लागे. अशी एक सनद वहिनींनी सदऱ्याच्या खिशासकट धुवून, पिळून, दोरीवर वाळत घातली होती. त्या दिवशीच्या संवादाचा वृत्तांत मी देत नाही.

प्रत्यक्ष प्रतिष्ठापना रात्री होते, कारण कित्येक गिगाबाइटांचा तो सरंजाम उतरत असताना घरातील इतर कोणी आंतरजालास स्पर्श करणे हे सोवळ्यात शिवण्यासारखे असते. मुले लवकर झोपवली जातात. आवृत्तीकर पडद्यावर सरकणाऱ्या पट्टीकडे एकटक पाहत बसतात, आणि ती नव्याण्णव टक्क्यांवर येऊन थबकली की प्रसूतिगृहाबाहेरच्या बापाप्रमाणे येरझारा घालू लागतात. पहाटे नवी आवृत्ती डोळे उघडते, आणि मग हजेरी घेतली जाते. संतूर सापडत नाही. हार्मोनियम नामंजूर झाली आहे. तबल्याचा डग्गा आहे, पण चाट कोठे गेली ते कळत नाही. पुढचे तीन महिने फरारी वाद्यांचा शोध घेण्यात जातात. अखेरीस सारे जुळून कोरा पडदा समोर येतो तेव्हा त्यावर नेहमीचेच दोन आकडे असतात: मिनिटाला १२० ठोके आणि चार मात्रांचा ताल. आवृत्तीकर चाराचे सात करतात, लय उतरवतात, एक दीर्घ श्वास घेतात, आणि तेवढ्यात पुढच्या आवृत्तीची वार्ता येते.

एवढ्यावरून कोणी त्यांस जुन्याचा द्वेष्टा समजेल तर ती चूक होईल. २०१९ साली ॲपलने आपल्या नव्या कार्यप्रणालीतून ३२ बिटांच्या साऱ्या सॉफ्टवेअरांना एकदम रजा दिली, तेव्हा नवेपणाचा हा उपासक सुतकात असल्यासारखा वावरत होता, कारण त्यांचा आवडता तानपुरा ३२ बिटांचा होता. म्हणून त्यांनी जुना संगणक मोडीत काढला नाही. तो कपाटात, वहिनींच्या पैठणीखाली, आंतरजालाचा वारा लागू न देता जतन केलेला आहे. आणि खंडेनवमीला, मुले शाळेत गेल्यावर, आवृत्तीकर त्याला हळदकुंकू वाहतात हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. त्या संगणकात त्यांनी आजवर पूर्ण केलेले एकमेव गाणे आहे.

ते नऊ वर्षांपूर्वीचे गणेशवंदन. चाल त्यांची, ताल रूपक, गळा वहिनींचा. दिवस उजाडला की घरोघरची गवतकापणीची यंत्रे सुरू होतात, म्हणून ऑगस्टातल्या थंडीत, काळोख असतानाच, शाल पांघरून वहिनी मायक्रोफोनसमोर उभ्या राहिल्या. आणि त्या दिवशी त्यांचा गळा असा काही लागला की आवृत्तीकर यंत्राकडे पाहायचे विसरले. ध्रुपद संपून वहिनी समेवर आल्या मात्र, आणि बाहेरच्या निलगिरीवरून कुकाबुरा हसला. हा पक्षी म्हणजे आपल्याकडच्या खंड्याचा आडमाप थोरला भाऊ. प्रथम घशातल्या घशात खिदळणारा आणि मग सारा मोहल्ला जागा होईपर्यंत खदखदणारा. इकडच्या रानात राहणारे जुने लोक त्याच्या हाकेवर घड्याळ लावीत. इतर तालांत समेवर टाळी पडते, रूपकाची सम मात्र खाली असते. त्या रिकाम्या जागेवर पक्षी उतरला आणि बरोबर सात मात्रा हसून थांबला. दुसऱ्या दिवशी वहिनींचा घसा बसला, उत्सव तोंडावर आला, आणि गाणे होते तसे वाजवावे लागले. तेव्हापासून दरवर्षी तेच वाजते, आणि दरवर्षी आवृत्तीकर तोंड झाकून बसतात. आजवर झालेल्या प्रत्येक अपग्रेडचे, वहिनींसमोर मांडले गेलेले, अधिकृत कारण एकच: "या आवृत्तीत तो पक्षी निघेल."

यंदा तो निघाला. एकजीव झालेल्या मिश्रणातून गळा, ठेका आणि उपरा आवाज वेगवेगळे काढण्याची किमया अलीकडच्या आवृत्त्यांना साधली आहे. आणि आवृत्तीकरांनी तीन रात्री जागून, तांदळातले खडे वेचावेत तसे ते हसू कण कण वेचून काढले. मला गराजात बोलावून त्यांनी माझ्या कानांवर हेडफोन चढवले. सम आली. तेथे तानपुऱ्याखेरीज काही नव्हते. मी मान डोलावली, आणि नऊ वर्षांत प्रथमच त्यांनी मला "कितवी?" असे विचारले नाही.

गणेशचतुर्थीस, भाड्याने घेतलेल्या शाळेच्या सभागृहात, वंदन सुरू झाले. पुढच्या सतरंजीवर मंडळाची सारी मुले बसली होती. येथेच जन्मलेली, मराठीचे पाढे दोनापुढे न जाणारी, पण हे गाणे पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेली. ध्रुपद संपले, सम आली, आणि सभागृहात अशी पोकळी पडली की वडीलधारी मंडळी ध्वनिक्षेपक बिघडला असे समजून मागे वळून पाहू लागली. तोच चार वर्षांची एक परकरी पोर उभी राहिली आणि घशातल्या घशात खिदळली. पाठोपाठ दुसरे मूल, मग सारी सतरंजी, खदखदून, चढत्या आवाजात, सात मात्रा, आणि आठवीला चिडीचूप. वहिनींचा मुद्रित गळा जणू त्याचीच वाट पाहत असल्याप्रमाणे अंतऱ्यावर गेला. पुढच्या समेला मोठी माणसेही हसली. खुद्द वहिनी पहिल्या रांगेत पदर तोंडाला लावून हसत होत्या. आवृत्तीकर मिक्सरपाशी हात तसाच अधांतरी धरून उभे होते.

प्रसादाच्या वेळी मी त्यांच्याजवळ गेलो. जन्मभर शिक्षकी केल्यामुळे अशा प्रसंगी करावयाचा उपदेश माझ्यापाशी तयारच असतो. पण मी तोंड उघडण्यापूर्वीच त्यांनी माझा हात धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, आणि त्या पाण्यामागे ती जुनी चमकही होती.

"मास्तर, तो पक्षी परत हवा. पुढच्या आवृत्तीत, म्हणे, काढलेला आवाज मूळ जागी जसाच्या तसा बसवता येणार आहे. नोव्हेंबरात सवलत आहे. हिच्याशी तुम्हीच बोला."

मोदकाचे ताट घेऊन आलेल्या वहिनींच्या कानी ते गेलेच. "अहो, त्या कपाटातल्या संगणकात जुनं गाणं पक्ष्यासकट आहे की! माझी पैठणी बाजूला केलीत की झालं."

आवृत्तीकरांनी मोदक हातात घेतला, क्षणभर विचार केला, आणि वडिलोपार्जित वाड्याविषयी बोलावे तशा हळव्या, पण निश्चयी स्वरात ते म्हणाले:

"आहे गं. पण ते जुन्या आवृत्तीत आहे."