वाऱ्याच्या तीन वह्या

(साताऱ्याहून सांगलीला निघालेली एसटी. खिडकीशी चाळकेवाडीच्या पठारावरचा शेतकरी, शेजारी पुण्याचा सल्लागार.)

शेतकरी : सायेब, तुमचा धंदा काय म्हणलात?

सल्लागार : कार्बन क्रेडिट. तुमच्या पठारावरच्या पवनचक्क्यांमुळे जो धूर झाला नाही, तो मी विकत होतो.

शेतकरी : न झालेला धूर?

सल्लागार : हो. वाऱ्यावर वीज झाली की तेवढा कोळसा वाचतो. एक टन कार्बन डायऑक्साइड वाचला की एक क्रेडिट. १९९७ च्या क्योटो करारातली योजना. ते क्रेडिट युरोपातला कारखाना घ्यायचा आणि आपली धुराची मर्यादा तेवढी वाढवून घ्यायचा.

शेतकरी : म्हंजी धूर कमी करायचा आमी, आन् लिवायचा त्येंच्या वहीत.

सल्लागार : इथं स्वस्त पडतं ना, काका! हवेला चाळकेवाडी काय, जर्मनी काय, सारखंच.

शेतकरी : मग कुणी बी पैसं मागावं की.

सल्लागार : छे! या पैशांवाचून चक्की परवडलीच नसती, हे आकडेवारीनिशी सिद्ध करावं लागे. कागद जर्मनीत बॉनला, संयुक्त राष्ट्रांच्या हवामान कचेरीत जायचे.

शेतकरी : आन् बँकेत?

सल्लागार : बँकेला नफा दाखवावा लागतो.

शेतकरी : त्याच चक्कीचा?

सल्लागार : (खिडकीबाहेर बघत) त्याच.

शेतकरी : (खूश होऊन) आमी तरी निराळं काय करतो! सोसायटीत नापिकी, सोयरिकीत बागायत. जमीन तीच.

सल्लागार : शिवाय मालकाला आयकरात पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा मिळायचा.

शेतकरी : ही तिसरी वही! कागदावर वर्षात झिजली, आन् माझ्या बांधाला अजून गरागरा फिरतीया. क्रेडिटाचं लई पैसं झालं असतील?

सल्लागार : २००८ मध्ये भाव वीस युरोंच्या पुढे होता. २०१२ संपता संपता एका युरोच्याही खाली. मंदीत युरोपचे कारखाने थंडावले, धूर आपोआप घटला, त्यात बाजारात क्रेडिटांचा महापूर...

शेतकरी : पुराचं नाव काढू नका. लेक सांगलीत दिलीया. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. जावयाचं हळदीचं दुकान पाण्यात. २०२१ ला परत तेच. त्याचं पैसं कोण देतंय?

सल्लागार : २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देश म्हणाले, गरीब देशांसाठी २०२० पर्यंत दरसाल १०० अब्ज डॉलर उभे करू. आकडा गाठला २०२२ मध्ये.

शेतकरी : उशिरा का हुईना. मदत म्हणून?

सल्लागार : बराचसा कर्ज म्हणून.

शेतकरी : पाणी त्येंच्या धुरानं वाढायचं, आन् हप्ता आमी भरायचा?

सल्लागार : २०२४ मध्ये बाकूच्या परिषदेत दरसाल ३०० अब्ज ठरले, २०३५ पर्यंत. कमी आहेत म्हणून आपला देश उठला, पण अध्यक्षांनी हातोडा आधीच आपटला होता.

शेतकरी : मग जावयाचा एक कागद करून द्या. त्यो धूर नसता, तर दुकान बुडालं नसतं. जाऊ द्या बॉनला.

सल्लागार : ते सिद्ध होत नाही हो! धरणांचे विसर्ग आहेत, पूररेषेतली बांधकामं आहेत. आणि पॅरिसला २०१५ मध्येच लिहून ठेवलंय, नुकसानीच्या कलमावरून भरपाई मागता येणार नाही.

शेतकरी : कमाल हाय! न झालेला धूर तुमी टनावर मोजला. न उभी राहणारी चक्की सिद्ध केली. आन् हा झालेला पूर हाय, दुकानाच्या भिंतीवर रेघ हाय, त्यो तेवढा सिद्ध हुईना?

सल्लागार : अवघड आहे. त्यासाठी चांगला सल्लागार लागेल.

शेतकरी : आन् त्याची फी?

सल्लागार : आगाऊ.

शेतकरी : कर्ज म्हणून दिली तर चालंल?