भारतात परभणी!

जगात जर्मनी, भारतात परभणी. आता आमच्या गल्लीच्या तोंडाशी सात मजली 'स्कायस्क्रेपर' उभा राहतोय. (शब्द बिल्डरचा. आमच्याकडे आभाळ जरा खालीच असतं.) नकाशात अंगभर निळी काच. "सेम दुबई, काका," म्हणत बिल्डरच्या पोराने माहितीपत्रक हातात दिलं. त्यात कारंजं होतं, खजुराची झाडं होती, फक्त मे महिना नव्हता.

"पश्चिमेलाही काच?"

"व्ह्यू तिकडंच आहे की!"

व्ह्यू म्हणजे मोंढ्याचे पत्रे.

2013 साली लंडनच्या फेन्चर्च स्ट्रीटवर एका नव्या टॉवरच्या आत वळलेल्या काचेनं ऊन असं गोळा केलं, की खाली उभ्या मोटारीचे भाग वितळले. एका वार्ताहराने तिथंच तव्यात अंडं तळून दाखवलं. हे लंडनचं ऊन! आमचं 45 डिग्रीचं. कोपऱ्यावरच्या भजीवाल्याने समोरची जागा आत्ताच धरलीय, गॅसचा खर्च वाचेल म्हणतो.

मुंबईत वारा नि समुद्राचा देखावा पश्चिमेकडून येतो. ऊन आणि पाऊसही तिकडूनच. 1983 साली पुऱ्या झालेल्या तिथल्या 'कांचनजंगा' इमारतीत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी त्यावर तोड काढली. जुन्या बंगल्याची पडवी उचलून आभाळात नेली: कोपऱ्यांत दोन मजले उंच गच्च्या, खोल्या त्यांच्या सावलीत. आमच्या आजोबांना कोरिया ठाऊक नव्हते, पण याच प्लॉटवर त्यांच्या काळातलं माळवद होतं. हातभर जाड भिंती, वर मातीचा थर. पाडताना जेसीबी दोन दिवस धापा टाकत होता.

"गच्ची तरी ठेवा."

"ठेवली होती, काका. बेडरूममध्ये घेतली."

परवा सॅम्पल फ्लॅट पाहिला. काचेला आतून जाड काळे पडदे. व्ह्यू दाखवा म्हटलं, तर पोराने पडदा बोटभर सरकवला आणि चटका बसल्यासारखा ओढून घेतला. तेवढ्यात लाइट गेली. एसी बंद, लिफ्ट बंद. घामाघूम होऊन जिन्याने खाली आलो. वॉचमनच्या पऱ्हाट्यांच्या खोपटावर ओलं पोतं टाकलेलं होतं. आत बाजेवर बिल्डर साहेब पाय पसरून घोरत होते.