गाढवपणाची थोरवी

शिष्यवृत्तीच्या वर्गात हुशार मुलांचं कौतुक सगळेच करतात. मी आज गाढवांची स्तुती करणार आहे आणि ती अगदी मनापासून करणार आहे.

शिष्यवृत्ती परीक्षेत पहिल्या पेपरला प्रथम भाषा आणि गणित मिळून 75 प्रश्न असतात आणि वेळ असतो 90 मिनिटं. एका प्रश्नाच्या वाट्याला 72 सेकंद येतात. तेवढ्यात प्रश्न वाचायचा, चार पर्याय न्याहाळायचे आणि उत्तरपत्रिकेतला गोल रंगवायचा. साहजिकच मुलं सूत्रं घोकून येतात. समद्विभुज त्रिकोण दिसला की 180 मधून दिलेला कोन वजा करा आणि दोनाने भागा. काटकोन दिसला की 3-4-5 नाहीतर 5-12-13. अशा वर्गात एखादं पोर कोरा कागद ओढून आकृती काढायला बसलं की शेजारचा म्हणतो, "अरे गाढवा, सूत्र टाक की!"

ही शिवी त्या पोराने पदकासारखी मिरवावी. भूमितीत गाढवाचं घराणं फार जुनं आहे.

इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास युक्लिडने भूमितीचा ग्रंथ रचला. त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असते, हे त्याने त्या ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकातल्या विसाव्या प्रमेयात सिद्ध केलं. त्यावर एपिक्युरसच्या पंथातले लोक हसले. हे तर गाढवालाही कळतं, असं त्यांचं म्हणणं. एका टोकाला गवत ठेवा, गाढव सरळ रेषेतच जाईल, दोन बाजूंनी वळसा घालणार नाही! पाचव्या शतकातल्या प्रोक्लसने ही हकिगत नोंदवून तिला उत्तरही दिलं. खरं काय ते डोळ्यांना दिसणं वेगळं आणि ते खरं का आहे हे सांगता येणं वेगळं. गाढवाला रस्ता ठाऊक असतो, पण तोच जवळचा का, हे विचारावंसं वाटतं ते माणसालाच.

दुसरं गाढव पाचव्या प्रमेयात भेटतं. समद्विभुज त्रिकोणाच्या पायाजवळचे कोन समान असतात, एवढंच ते प्रमेय. युरोपात त्याचं नाव पडलं 'गाढवांचा पूल'. आकृती पुलासारखी दिसते म्हणून म्हणा, की कच्चे विद्यार्थी तिथेच अडतात म्हणून म्हणा.

हा पूल मी माझ्या वर्गात पाहिला आहे. फळ्यावर प्रश्न होता: समद्विभुज त्रिकोणाचा एक कोन 40 अंशांचा आहे, तर दुसरा एखादा कोन किती अंशांचा असू शकेल? पर्याय 50, 70, 100, 140. सगळा वर्ग ओरडला, "सत्तर!" मागच्या बाकावरची एक मुलगी तेवढी खाली मान घालून रेघा ओढत होती. तिने एक त्रिकोण काढला, वर 40, खाली 70 आणि 70. मग दुसरा काढला, खाली 40 आणि 40, वर 100. म्हणाली, "बाई, चाळीसचा कोन वर आहे की खाली, ते सांगितलेलंच नाही." शिष्यवृत्तीच्या परीक्षेत काही प्रश्नांना दोन अचूक पर्याय असतात आणि दोन्ही गोल रंगवले तरच गुण मिळतात. घाईने ओरडलेल्या वर्गाचे गुण गेले असते.

पण ती तिथे थांबली नाही. "पायाजवळचे कोन सारखेच असतात, हे कशावरून?" वर्ग हसला. "दिसतंय की!"

दिसण्यावर भरवसा ठेवणाऱ्यांना मी एकच सांगते. प्रश्नपत्रिकेतली आकृती प्रमाणात असेलच असं नाही. कोनमापक लावून उत्तर काढणारा तिथे हमखास फसतो. डोळ्यांना काटकोन दिसतो आणि तो असतो 85 अंशांचा.

त्या मुलीने वहीचं पान फाडलं, समद्विभुज त्रिकोण कापला आणि वहीवर ठेवून पेन्सिलीने कड गिरवली. मग तो तुकडा उलटा केला आणि पुन्हा त्याच कडेत ठेवला. डावी बाजू उजवीच्या जागी गेली, उजवी डावीच्या. बाजू सारख्या, मधला कोन तोच, त्यामुळे तुकडा चपखल बसला. म्हणजे डावा कोन उजव्यावर बसणारच. इसवी सनाच्या चौथ्या शतकात पॅपसने याच प्रमेयाची जी छोटी सिद्धता दिली, तिचा गाभा हाच. एकच त्रिकोण, स्वतःशीच उलटा ताडून पाहिलेला. युक्लिडनंतर सहाशे वर्षांनी सुचलेली ही वाट तिला कुणी दाखवली नव्हती.

परीक्षेच्या हॉलमध्ये कात्री चालवायला वेळ नसतो, हे मलाही माहीत आहे. म्हणून तर पालकांना माझं हात जोडून सांगणं आहे की हा गाढवपणा घरी आणि वर्गात पोटभर करू द्या. एका गणितावर पाऊण तास गेला तर जाऊ द्या. तुकडा हाताने उलटून पाहिलेल्या मुलाला 72 सेकंदांत सूत्र आठवावं लागत नाही, त्याला त्रिकोण आठवतो.

तास संपल्याची घंटा झाली. मुलं दप्तरं आवरू लागली. ती मुलगी तो तुकडा कंपासपेटीत ठेवत माझ्याकडे आली. "बाई, उलटंही खरं असतं का? दोन कोन सारखे असले, तर बाजू सारख्या असतातच?"

युक्लिडच्या पुस्तकात पाचव्यानंतरचं सहावं प्रमेय नेमकं हेच आहे. पोरगी पूल ओलांडून पलीकडे पोहोचली होती.