सर्व संबंधितांस कळविण्यात येते की

जी सूचना आपल्याला उद्देशून लिहिलेली नाही ती सावकाश वाचण्यात एक निर्मळ आनंद असतो, आणि त्याची गोडी मला लागली ती गणेशखिंडीतल्या पुणे विद्यापीठाच्या आवारात; कारण तेथे मी ना विद्यार्थी, ना अध्यापक, ना कुलसचिवांच्या दप्तरी नोंद असलेला कोणी इसम, आणि तरीही वडांच्या छायेत पाय मोकळे करता करता एकेका विभागाच्या सूचनाफलकासमोर मी जितका वेळ रेंगाळतो, तितका वेळ संबंधित विद्यार्थी स्वतःच्या निकालासमोरही उभा राहत नसेल.

या फलकांवरचे वाङ्मय सर्वस्वी भविष्यकाळात नांदते. व्याख्यान होणार असते, चर्चासत्र भरणार असते, अर्ज मागविण्यात येणार असतात. विषय मराठी कथेचा असो, सहकारी चळवळीचा असो वा भूजलाचा, त्याची ‘दशा आणि दिशा’ तपासल्यावाचून त्याला सोडायचे नाही असा विद्वानांचा निर्धार दिसतो. मजकुराच्या शेवटी ‘सर्व संबंधितांनी उपस्थित राहावे’ अशी भारदस्त विनंती असते. आणि संबंधितांचा अनुभव गाठीशी असलेला एखादा विभागप्रमुख तिच्याखाली निराळ्या शाईने पुस्ती जोडतो की, प्रथम वर्षाची हजेरी सभागृहातच घेतली जाईल. खरे निमंत्रण ते!

निमंत्रणांची हौस या जागेला जुनी आहे. विद्यापीठाची मनोऱ्याची मुख्य इमारत म्हणजे पूर्वीचे मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचे पावसाळी निवासस्थान. विक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवानिमित्त २२ जून १८९७ च्या रात्री तेथे मोठ्या इतमामाने समारंभ झाला, आणि रीतसर निमंत्रण घेऊन आलेले रँडसाहेब परतत असताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर त्यांची गाठ पडली ती कोणत्याही यादीत नाव नसलेल्या चापेकरांशी. त्या रात्रीची कार्यक्रमपत्रिका आज कोणाला आठवत नाही. पत्रिकेत नसलेला भाग तेवढा शाळेतली पोरेसुद्धा सांगतात. पुढे १९४९ साली विद्यापीठ स्थापन झाले, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले, आणि २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. त्या बाईंना मुली शिकविण्याचे निमंत्रण तत्कालीन पुण्याने काही दिले नव्हते. तेव्हा माझ्यासारख्या अनाहूताने या आवारात संकोच बाळगण्याचे कारण नाही, असे मी स्वतःला अधूनमधून बजावीत असतो.

प्रत्यक्ष व्याख्यानांविषयी मी जे सांगणार आहे ते मात्र अन्यत्रचे आहे, आणि ते कोठले हे सांगण्याची मला इच्छा नाही. तेथे प्रत्येक समारंभाचा आरंभ समई आणि पंखा यांच्या वैराने होतो. पंखा बंद केल्यावाचून समई पेटत नाही; समई पेटली की पाहुण्यांच्या कपाळावर घाम डवरतो, आणि घामाची दया येऊन शिपायाने पंखा सुरू केला की ज्ञानज्योत विझते. मग परिचय. हा परिचय पाहुण्यांनी स्वतःच लिहून पाठविलेला असतो, व तो वाचला जात असताना, आपल्याविषयी इतके कोणाला ठाऊक असेल याची आपणास कल्पनाच नव्हती, अशा विनयपूर्ण आश्चर्याने पाहुणे मान खाली घालून बसतात. व्याख्यान मध्येच केव्हातरी होते. आभारप्रदर्शन लांबत गेले की चहा अजून उकळलेला नाही असे जाणकार ओळखतात.

संधींच्या फलकावर कालगणनाच निराळी. तेथे ‘अंतिम तारीख’ म्हणजे आरंभ. तिच्यामागून ‘विलंब शुल्कासह’ एक तारीख येते, नंतर ‘अतिविलंब शुल्कासह’ दुसरी, आणि मग ‘विद्यार्थिहित लक्षात घेऊन’ सर्वांनाच मुदतवाढ मिळते, जेणेकरून वेळेवर अर्ज करणारा तेवढा मूर्ख ठरतो. याला एक सन्मान्य अपवाद कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने चालणाऱ्या ‘कमवा व शिका’ योजनेचा. तिच्यातली मुले तासांच्या हिशेबाने काम करतात, बागेला पाणी घालतात, ग्रंथालयातली पुस्तके लावतात; आणि सभागृहात खुर्च्या मांडणारा यांच्यातला एखादा मुलगा, दाराशी उभ्या उभ्या, कित्येक प्राध्यापकांहून अधिक व्याख्याने ऐकून बसलेला असतो.

सांस्कृतिक मेळाव्यांना मात्र हजेरीचा धाक लागत नाही. पुरुषोत्तम करंडकाचे दिवस आले की वर्गात अभावानेच दिसणारी मंडळी रात्र रात्र तालमीला रुजू होतात, आणि भरत नाट्य मंदिरात ‘आव्वाज कुणाचा’ अशी जी आरोळी उठते, तिला कोणत्याही सक्षम अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी नसते.

माझ्यासारखेच असंबंधित असे एक निवृत्त गृहस्थ त्या अनाम विद्यापीठात मला नेहमी भेटतात. पालीपासून पदार्थविज्ञानापर्यंत कोणतेही व्याख्यान ते चुकवीत नाहीत, आणि त्यांच्या प्रश्नाला प्रश्नचिन्ह कधीच येत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती अशाच, कोणी हजेरी न घेणाऱ्या श्रोत्यांच्या भरवशावर असणार असे त्यांना पाहून वाटते. परवा आम्ही पोहोचलो तो दारावर कागद: व्याख्यान तहकूब, नवी तारीख यथावकाश.

‘‘अहो, पण आम्ही इतक्या लांबून आलो!’’ गृहस्थ म्हणाले.

‘‘सर, व्याख्यान तहकूब झालंय,’’ कारकून सौजन्याने म्हणाला, ‘‘पण सभागृहाचं आरक्षण रद्द करायला वरून मंजुरी लागते, ती काही आलेली नाही. तेव्हा सहापर्यंत सभागृह चालूच आहे. बसा की!’’

आम्ही बसलो. पाठोपाठ आणखी चौघे असंबंधित आले. ज्येष्ठतेने अध्यक्ष ठरले, भूजलाची दशा आणि दिशा या विषयावर सर्वांनी आळीपाळीने मते मांडली, विहिरींवरून थोडी भांडणेही झाली, आणि सहाला कारकून कुलूप घेऊन आला तेव्हा गृहस्थांचा प्रश्न अजून पूर्ण व्हायचा होता.