कितला दिन टिकी?

खान्देशात नव्या वस्तूची किंमत विचारणं हा शिष्टाचार आहे. ती किती दिवस टिकेल हे विचारणं मात्र धर्मात मोडतं. चप्पल असो, कुलर असो की नवा जावई, पहिला प्रश्न 'कितलाले लिधं?' आणि उत्तर पुरतं ऐकून न घेता दुसरा, 'कितला दिन टिकी?' आमचे धुळ्याचे दाजी या दोन प्रश्नांच्या जोरावर सत्तरी गाठून बसले आहेत. मुंबई-आग्रा महामार्गालगत त्यांचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान. सगळी हयात मोडक्या सामानात गेल्यामुळे कुठली वस्तू कुठे मोडणार हे त्यांना आधीच दिसतं.

अशा माणसाच्या पोटी मोडण्यासाठीच वस्तू विकत घेणारा मुलगा निपजावा, याला दैवगती म्हणायची. आमचा भाचा डेन्व्हरला नोकरीला होता. हिवाळ्यात सुट्टी आली की पोरगा कीस्टोनच्या डोंगरावर पळायचा. तिथे बर्फात मुद्दाम लोखंडी पाइप, कठडे आणि उड्यांसाठी टेकाडं उभारलेली असतात. त्याला टेरेन पार्क म्हणतात. उतारावर चांगली मोकळी वाट असताना ही मंडळी कठड्यावरून घसरत जातात, हवेत गिरक्या घेतात आणि उलटं तोंड करून उतरतात. भाचा नोकरी बदलून पुण्याला आला. सामानातल्या लांबलचक पेटीला पुण्याच्या फ्लॅटमध्ये जागा मिळेना. जळगावला मामाच्या घराला माळा आहे, एवढ्याच पुराव्यावर ती पेटी ऐन मे महिन्यात आमच्या ओसरीत दाखल झाली. बाहेर पारा पंचेचाळिशीत, कुलरच्या टाकीतल्या पाण्यात चहापत्ती टाकावी अशी परिस्थिती, आणि पेटीतून निघाली बर्फावर घसरायची स्की!

पेटी उघडायच्या मुहूर्ताला दाजी धुळ्याहून आले होते. त्यांनी चष्मा पुसला, एक पट्टी मांडीवर घेतली आणि विचारलं, "कितलाले लिधं?"

"सहाशे डॉलर, अण्णा. पायाला अडकवायचे बाइंडिंग वेगळे."

दाजींनी मनातल्या मनात गुणाकार केला. तो संपला तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. कारण पट्टी मोडकी होती. मोडकी वस्तू सातासमुद्रापार नेणारे लोक असतील, पण तिकडून परत आणणारा त्यांच्या घराण्यात हा पहिलाच.

जवळून पाहिली तर पट्टी मोठी बोलकी होती. दोन्ही टोकं वर वळलेली, कारण पार्कात मागे तोंड करूनही उतरावं लागतं. वरच्या चित्राचे टवके उडालेले. तळाच्या काळ्या प्लास्टिकवर आडवे ओरखडे, ते लोखंडी पाइपांचे. कडेला दोन-अडीच मिलिमीटर जाडीची पोलादी धार, आणि बरोबर पावलाखाली तिला केसाएवढी चीर. तिथून धारेचा तुकडा बाहेर डोकावत होता. मागच्या टोकाला थर सुटलेले. आत पॉप्लरच्या लाकडाच्या पट्ट्या, त्यावर काचतंतूंचं कापड, सगळं इपॉक्सीने चिकटवून दाबलेलं.

दाजींनी बोट चिरेवर ठेवलं. "पाटा इठेच मोडस." ट्रकचा कमानपाटा म्हणे नेहमी मधल्या बोल्टाच्या भोकापाशी तडकतो, कारण भार तिथे आणि भोकही तिथेच. भाचा चकित झाला. स्कीचंही तसंच. बाइंडिंगचे स्क्रू पावलाखाली, कठड्याचा मार पावलाखाली, आणि जागा बदलून पुन्हा भोकं पाडली की लाकूड आणखी दुबळं. बापलेकांचं एका मुद्द्यावर एकमत झाल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मग भाच्याने स्की कशाकशाने मरते याचा पाढा वाचला. पोलादी धार पोलादी कठड्यावर आपटली की तडकते. म्हणून शहाणी पोरं नव्या स्कीची पावलाखालची धार कानस मारून आधीच बोथट करतात.

"नवी वस्तू आणायची आणि कानस मारायची?" दाजी.

"नाहीतर धार कठड्यात अडकते आणि आपण तोंडावर पडतो, अण्णा."

चीर पडली म्हणून स्की लगेच मरत नाही. चिरेतून पाणी आत शिरतं, लाकूड फुगतं, गोठलेलं पाणी थर उचकटतं, आणि मग कारभार आटोपतो. उडी मारून उतरताना वजन मागे गेलं की शेपूट मोडतं. उतार सोडून सपाटीवर पडलं तर स्की आणि गुडघे, जे आधी थकेल ते. हंगामाच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतो, तेव्हा खालचा दगड तळ फाडून थेट लाकडापर्यंत जातो. दिवसभर कठडे घासणाऱ्याची जोडी एका हंगामात निकालात निघू शकते. नुसता उतारावर फिरणारा तीच जोडी वर्षानुवर्षं वापरतो. आणि कठड्यावर झालेलं नुकसान बहुतेक वॉरंटीत बसत नाही.

"मंग त्या कंपनीले जरा जाड बनवाले काय व्हस?" दाजींनी धंद्यातला उपाय सुचवला. "वरतून पाच एमएमची पट्टी मार."

"जड झाली तर हवेत फिरणार कशी?"

"फिरनं कसाले?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. भाच्याने शेवटी ऑलिंपिक काढलं. स्लोपस्टाइल नावाने हा प्रकार 2014 साली सोचीच्या ऑलिंपिकमध्ये आला आणि पुरुषांची तिन्ही पदकं अमेरिकेने नेली. दाजी म्हणाले, नेतीलच. मोडतोड परवडणाऱ्या देशाने नाही न्यायची तर कोणी?

तेवढ्यात शेजारचे काका आले. ते पाइपच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. जळगावात दर दोन घरांआड पाइप, ठिबकच्या नळ्या नाहीतर प्लास्टिकच्या चटया यांतलं काहीतरी जाणणारा माणूस निघतोच. काकांनी तळावर नख ओढलं आणि सांगून टाकलं, "पॉलिथिन." बर्फाच्या खेळाचं आणि आमच्या केळीच्या बागांचं असं सोयरपण निघेल हे कोणाला वाटलं होतं! स्वस्त स्कीचा तळ एक्स्ट्रूडेड, म्हणजे प्लास्टिक वितळवून साच्यातून दाबून काढलेला, आमच्या नळ्या निघतात तसाच. तो मऊ असतो आणि चटकन दुरुस्त होतो. महागड्या स्कीचा तळ सिंटर्ड. त्यातलं पॉलिथिन इतक्या लांब साखळ्यांचं असतं की ते धड वितळून वाहत नाही. म्हणून त्याची पूड उष्णतेने आणि दाबाने एकजीव करतात आणि त्या ठोकळ्यावरून पातळ काप सोलतात. हा तळ घासायला चिवट आणि मेण पिणारा. मेण लावलं नाही तर कोरडा पडून पांढरट होतो. काकांना दहा मिनिटांत स्की इतकी आपली वाटू लागली की त्यांनी तिच्यावर आयएसआयचा शिक्का शोधला.

पुढे निगेचा विषय निघाला. खेळून आल्यावर धारा कोरड्या पुसाव्या, नाहीतर गंजतात. ओली जोडी पिशवीत कोंबू नये. फार उष्ण जागी ठेवू नये, गोंदाला ते मानवत नाही. आमच्या माळ्याकडे सगळ्यांनी एकदम पाहिलं.

दाजींची कळी मात्र खुलली. निगा म्हणजे न वापरणे, हा त्यांचा जुना सिद्धांत. त्यांच्या धुळ्याच्या घरी टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत राहतो आणि पिशवीवरूनच दाबला जातो. सोफ्याला कव्हर आहे, कव्हरला धुळीपासून जपायला चादर आहे. ताईचा डिनर सेट लग्नापासून 'पाहुण्यांसाठी' कपाटात आहे, आणि इतक्या वर्षांत त्या योग्यतेचा पाहुणा देवपुरात फिरकलेला नाही.

पण दाजींचं दुकानच त्यांच्या सिद्धांताविरुद्ध साक्ष देतं. फळीवर न विकता पडून राहिलेलं रबरी सील कडक होतं. डब्यातली गॅसकेट तडकते. घरच्या सोफ्याचं कव्हर काढलं तर आतला फोम पिवळा भुगा होऊन निघतो. वस्तू वापराने झिजते तशी ठेवूनही झिजते. पहिल्या झिजेत निदान आपण काही काळ हवेत असतो. भाच्याच्या स्कीचा एकेक ओरखडा म्हणजे एकेक कठडा, आणि तो प्रत्येकाची गोष्ट सांगू शकतो. ताईच्या डिनर सेटला सांगण्यासारखं काही नाही. हे मी दाजींना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "भो, तू पगारी मानूस, तुले काय!"

तरी एका गोष्टीने ते विरघळले. भाचा सहज म्हणाला, की कोलोरॅडोत जुन्या स्कीचे बाक आणि खुर्च्या करतात. मेलेली वस्तू दुसऱ्या जन्मात कामी येते म्हटल्यावर दाजींचे डोळे लकाकले. जोडी त्यांनी गाडीच्या टपावर बांधून धुळ्याला नेली, ओळखीच्या वेल्डरकडून अँगलचे पाय करून घेतले आणि अंगणात बाक उभा केला. धारेच्या चिरेत स्वतः इपॉक्सी भरलं. वर उन्हाला म्हणून हिरवी शेडनेट, बसायच्या जागेवर जाड प्लास्टिकचं कव्हर.

गणपतीला भाचा पुण्याहून घरी आला. दोन मजली घराएवढ्या उंचीवरून त्याच स्कीवर गिरक्या घेत कोसळलेला, तिला पोलादावर घासलेला, दगडांवरून नेलेला तो पोरगा प्रवासाने दमून बाकाकडे वळला. आतून दाजी ओरडले, "हयू बस रे, मोडी जाई!"