गेम सोडायचा हंगाम

जानेवारी लागला की वर्धा जिल्ह्यातल्या देवळीत दोन जिनसा घराबाहेर निघतात. एक कापूस आणि दुसरा गेम. कापूस गाडीत भरून जिनिंगवर जातो, गेम मोबाईलमधून डिलीट होतो. फरक एवढाच की कापूस एकदा काट्यावर चढला की घरी परत येत नाही. गेम मात्र संक्रांतीचं वाण वाटून व्हायच्या आत परत आलेला असतो.

दहावी-बारावीची परीक्षा तोंडावर आल्यामुळे या दिवसांत घरोघर शपथविधी चालतात. शेजारच्या घरचा विधी मला भिंतीवरून दिसला. पोट्टा दहावीला. तो मधे पाटावर बसलेला, बाप डोक्याशी उभा, आजी देवापुढे वात सारत होती आणि आई आधीच रडकुंडीला आलेली. पोट्ट्यानं गेमच्या चित्रावर अंगठा दाबून धरला, ‘अनइन्स्टॉल’ शब्द आला, त्यावर बोट टेकवलं, चित्र गेलं. आजीनं कानशिलावर बोटं मोडली. बापानं चारचौघांना ऐकू जाईल असा निःश्वास सोडला.

पोट्ट्याचा चेहरा मात्र विलक्षण शांत होता. कारण त्या घरात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं की गेला तो फक्त गेम, खेळाडू जागच्या जागी आहे. त्याची आयडी गूगल खात्याला बांधलेली असते. रँक, बंदुका, अंगावरचे कपडे, डायमंड, सगळी इस्टेट कंपनीच्या सर्व्हरवर सुखरूप. पुन्हा डाउनलोड मारला की जिथून उठला तिथेच बसायचं. सात-बारा कोणाच्या नावावर चढला याची खात्री करायला तलाठ्याकडे खेटे घालणाऱ्या बापाला एवढी पक्की नोंद जगात कुठे असू शकते, हे पटणारही नाही.

पण पोराला नावं ठेवण्यात अर्थ नाही. भारत सरकारनंही गेम असाच सोडला आहे. 2 सप्टेंबर 2020 रोजी पब्जी मोबाईलसह 118 अ‍ॅपवर बंदी आली. देशभरच्या मातापित्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. 2 जुलै 2021 रोजी तोच गेम नावात ‘इंडिया’ घालून परत आला. रक्ताचा रंग तेवढा लालऐवजी हिरवा केला, म्हणजे कोणी मेलं तरी पर्यावरणपूरक वाटावं. 28 जुलै 2022 रोजी तो पुन्हा दुकानातून गायब झाला, 2023 च्या मे महिन्यात पुन्हा उगवला. अट अशी की अठराच्या आतल्यांनी दिवसाला तीनच तास खेळावं. देवळीत दिवसाला तीन तास अभ्यास करणारा पोट्टा सापडला तर त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होईल, पण सरकारला तेवढा खेळ माफक वाटला. फ्री फायरवर 14 फेब्रुवारी 2022 रोजी बंदी आली, त्याचा थोरला भाऊ फ्री फायर मॅक्स मात्र राहिला. धाकट्याला हाकलून थोरल्याला जेवायला बसवण्याची ही रीत आम्हाला फक्त राजकारणात माहीत होती.

चीननं जास्त कडक उपाय केला. 2021 पासून तिथल्या अठराच्या आतल्या पोरांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ, एवढाच वेळ ऑनलाइन गेम. पोरं मोठ्यांच्या खात्यावरून खेळतात म्हणून कंपन्या चेहरेही तपासू लागल्या. आपल्याकडे असा कायदा आला तर देवळीतले निम्मे आजोबे रातोरात अचूक नेमबाज ठरतील आणि चेहरा दाखवण्यापुरते खाटेवरून उठवले जातील.

महाराष्ट्रानं यात आपली वाट काढली आहे. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की गावातले मोबाईल आणि टीव्ही बंद, पोरं पुस्तकापुढे, साडेआठला सुटका. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीनं अठराच्या आतल्यांना मोबाईलबंदीचा ठराव केला.

या दोन बातम्यांपैकी देवळीकर बापांना कोणती आवडावी? अर्थात बान्सीची. वडगावच्या भोंग्यात एक गोम आहे. तो वयाचा दाखला मागत नाही.

समजा, असा भोंगा आपण देवळीत बसवला. मिरननाथाच्या देवळाजवळ बसवा नाहीतर बस स्टँडवर. सात वाजता तो वाजला. पोट्टे एक वेळ ऐकतील. पण सासू-सुनेची मालिका ऐन थोबाडीत बसण्याच्या क्षणी थांबवायची? पानठेल्यावर चाळीस जणांच्या ग्रुपवर देश वाचवण्याचं काम चालू असतं, ते दीड तास स्थगित ठेवायचं? त्या अवधीत शत्रूनं काही केलं तर? तुरीचा भाव, पंचायतीतल्या कोणाच्या तरी पुतण्याचा वाढदिवस, सकाळीच पाठवलेल्या सुविचाराला आलेले अंगठे, हे सगळं साडेआठपर्यंत कोंडून ठेवायचं? मोठ्यांच्या मोबाईलमध्ये काम असतं बाप्पा! खेळ फक्त लहानांच्या मोबाईलमध्ये असतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं ‘गेमिंग डिसऑर्डर’ आपल्या आजारांच्या यादीत घातला, ती यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. लक्षणं तीन. खेळण्यावर ताबा न राहणं, इतर सगळ्या कामांच्या वर त्याला जागा देणं, आणि नुकसान दिसत असूनही थांबता न येणं. हे साधारण वर्षभर चाललं आणि त्यानं जगणं विस्कटलं तर तो आजार. अशी पोरं खरोखर आहेत, त्यांना डॉक्टरकडेच न्यायला हवं, त्यात थट्टा नाही. पण या यादीतला ‘गेम’ हा एक शब्द झाकून बाकीची लक्षणं कोणत्याही पानठेल्यावर मोठ्यानं वाचा. पाच-सहा जण तरी खर्रा घोटायचा थांबवून विचारतील, “हे माह्याबद्दल कोनं लिहिलं बे?”

तर शेजारच्या बापानं शपथेनंतर पोट्ट्याला उपदेश सुरू केला. “खेळून कोणाचं भलं झालं आजवर?”

हा प्रश्न जगात कुठेही चालतो, देवळीत चालत नाही. या गावचे रामदास तडस आखाड्याच्या मातीतून उठले, कुस्ती खेळत खेळत नगर परिषदेत गेले आणि 2014 व 2019 असे दोनदा वर्ध्याचे खासदार होऊन लोकसभेत बसले. देवळीत खेळाचा रस्ता थेट दिल्लीला जातो हे शेंबड्या पोरालाही माहीत. पोट्ट्यानं तेवढंच सांगितलं. बाप म्हणाला, “ती कुस्ती होती, अंग मोडून मेहनत असते. हे बसून बोटं हालवायचं काय काम?”

“बसून बोटं हालवनाऱ्याले तं सरकारनं क्रीडा खातं देल्लं,” पोट्टा म्हणाला.

बाप गप्प झाला, कारण ही बातमी त्यानंच सगळ्या ग्रुपवर पाठवली होती. जुलै 2025 मध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत बसून मोबाईलवर पत्त्यांचा गेम चालवत असल्याचा व्हिडिओ फिरला. आपण खेळत नव्हतो, आपोआप आलेलं ते घालवत होतो, असं मंत्र्यांनी सांगितलं. आमचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे. देवळीतला प्रत्येक पोट्टा पकडला गेल्यावर हेच सांगतो आणि त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, हा खरा अन्याय. महिना संपता संपता त्यांच्याकडचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा व युवक कल्याण खातं आलं. कापूस-सोयाबीनच्या मुलखात या फेरबदलाचा अर्थ पोरांनी चटकन लावला. पकडले गेलो तर आवडीचा विषय मिळतो.

त्यानंतर तीनच आठवड्यांत संसदेनं ऑनलाइन गेमचा कायदा केला. 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद, ई-स्पोर्ट्सला मात्र उत्तेजन. बापाला वाचताना फक्त ‘बंद’ दिसलं, पोट्ट्याला फक्त ‘उत्तेजन’. एकाच कायद्यानं घरातल्या दोन्ही पक्षांना विजयी केल्याचं असं उदाहरण विरळा. थोरला काका तेवढा हिरमुसला, कारण त्याच्या मोबाईलवरची क्रिकेट टीम त्या दिवसापासून कायमची पॅव्हेलियनमध्ये गेली. पण तो काही गेम खेळत नव्हता म्हणे, ‘अभ्यास’ करून टीम लावत होता.

मुद्दा अभ्यासावर आला हे बरं झालं. गेम सोडायचा तो अभ्यासासाठी. अभ्यास कशासाठी? परीक्षेसाठी. परीक्षा कशासाठी? तर यवतमाळ रोडवर पहाटे पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या आणि दिवसभर अभ्यासिकेत खुर्ची धरून बसणाऱ्या पोट्ट्याच्या थोरल्या भावाला विचारा. त्यानं गेम केव्हाच सोडला. त्यानंतर त्याच्या वाट्याला आलेलं सगळं त्याला आधीपेक्षा जास्त थरारक वाटलं.

12 डिसेंबर 2021 रोजी म्हाडाची परीक्षा होती. पोरं आदल्या दिवशीच एसटी-रेल्वेनं केंद्राच्या गावी पोचली, आणि मध्यरात्रीनंतर मंत्र्यांनी ट्विट करून परीक्षा रद्द केल्याचं कळवलं. पेपर फुटायच्या बेतात होता. पब्जीत झोन आवळत येतो तेव्हा निदान आधी सूचना येते. मग 2023 ची तलाठी भरती. 4,644 जागांची जाहिरात, दहा लाखांहून जास्त अर्ज, खुल्या वर्गाला फी 1,000 रुपये. जानेवारी 2024 मध्ये गुण लागले, तर पहिल्या उमेदवाराला 200 पैकी 214. पेपर अनेक सत्रांत झाला, कठीण-सोप्याचा मेळ घालायला गुणांचं सामान्यीकरण केलं, असा खुलासा झाला. खुलासा बरोबरच असेल. पण शेजारच्या पोट्ट्यानं तो दोनदा वाचला आणि भावाला म्हणाला, “दादा, आमच्या गेममंदी असं कोनी केलं तं आयडी ब्यान होते.”

इथे सगळी अडचण आहे. गेममध्ये नियम पहिल्या मिनिटाला कळतात आणि शेवटच्या मिनिटापर्यंत तेच राहतात. निकाल डाव संपताक्षणी पडद्यावर. कितवा आलास, कोणी मारलं, कुठून मारलं, सगळं समोर. हरलास तर पुढच्या डावाला फॉर्म, फी आणि जात पडताळणी लागत नाही. आम्ही त्या पोराला सांगतो की हे सगळं खोटं आहे, ते सोड आणि खऱ्या जगात ये. तो येतो. खऱ्या जगात त्याला लोडिंगचं चक्र दिसतं. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे 2008-09 ची मंजूर, तिची पहिली गाडी देवळीवरून कळंबपर्यंत धावली फेब्रुवारी 2024 मध्ये. म्हणजे मंजुरीनंतर जन्मलेलं पोर त्या गाडीत दहावीचं पुस्तक घेऊन बसू शकत होतं. आणि त्याला आपण म्हणतो, तुमच्या पिढीत संयम नाही.

शिवाय अभ्यास आहे कुठे? मोबाईलमध्ये. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा कापूस विकून, दागिना ठेवून ज्यांनी पोरांच्या हातात मोबाईल दिले ते आपणच. तेव्हापासून गृहपाठ ग्रुपवर येतो, प्रश्नपत्रिका ग्रुपवर येते, सर रजेवर असल्याचंही ग्रुपवर येतं. दारूच्या दुकानातच दूध ठेवायचं आणि येताना कुठे बघू नको म्हणायचं, असा हा कारभार.

शेवटी पोट्ट्यानंच तोडगा काढला. वहीच्या मागच्या पानावर करारनामा लिहिला. कलम एक, परीक्षा होईपर्यंत गेम बंद, आयडीचा पासवर्ड आईकडे. कलम दोन, सात ते साडेआठ घरातले सगळे मोबाईल आणि टीव्ही बंद, वडगावप्रमाणे. कलम तीन, त्या वेळात कोणी “झाला का अभ्यास?” असं विचारणार नाही. कलम चार, जो पहिल्यांदा मोबाईलला हात लावेल तो आऊट, त्यानं त्या दिवशी भांडी घासायची.

कलम एकवर बापानं डोळे झाकून सही केली. कलम दोनवर चर्चा लांबली. “अर्जंट फोन आला तर?” मागच्या वर्षभरात आलेल्या अर्जंट फोनांची नावं सांगा म्हटल्यावर एक विमावाला आणि एक कर्जवाला निघाला. सही झाली.

पहिल्या संध्याकाळी सातला सगळे मोबाईल फ्रिजवर ओळीनं ठेवले. पोट्ट्यानं भूमिती काढली. आजी जपाला बसली. आईनं शेंगा फोडायला घेतल्या. थोरला भाऊ चालू घडामोडी वाचू लागला. बापानं आढं पाहिलं, नखं पाहिली, जुनं पंचांग चाळलं, उठून पाणी प्यायला, आणि परतताना सहज फ्रिजवर हात टेकवला.

“काय पाह्यता बाबा?” पोट्ट्यानं प्रमेयातून मान वर न काढता विचारलं.

“काई नाई बे. किती वाजले ते पाह्यतो.”

भिंतीवरचं घड्याळ त्याच्या डोक्याच्या बरोब्बर वर होतं. सात वाजून चार मिनिटं झाली होती.

“आई,” पोट्टा म्हणाला, “राख कुठं हाये ते बाबाले दाखव.”