पहिलं पेन कातताना

लेथवर पेन कातायला एक किट आणि एक लाकडी ठोकळा लागतो. किटात पितळी नळ्या, टोक, क्लिप, मधली कडी, रिफिल आणि ती आत-बाहेर करणारी फिरकी असते. म्हणजे पेन जवळजवळ तयारच येतं. कातणाऱ्याच्या वाट्याला उरतं ते नळ्यांवरचं लाकूड. पण श्रेय अख्ख्या पेनाचं घ्यायची रीत आहे.

नवशिक्याची नजर आधी फाउंटन पेनाच्या किटाकडे जाते. ठोकळ्यात नळ्यांसाठी भोकं पाडायला त्याला वेगवेगळ्या मापांची ड्रिल बिटं लागतात आणि किंमतही अशी, की ठोकळा फुटला तर घरात सांगायची सोय राहत नाही. सुरुवात ‘स्लिमलाइन’ किटने करावी. तो स्वस्त असतो आणि त्याच्या दोन्ही नळ्यांना ७ मिलिमीटरचं एकच बिट चालतं. खोट एकच: टोकांशी नळीवर लाकडाचा थर जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर उरतो, त्यामुळे पटाशी जरा जास्त चालली की पितळ दात दाखवतं. ‘सिएरा’ किटात नळी एकच असते. पण त्याला २७/६४ इंचाचं बिट लागतं, आणि ते मागितलं की हार्डवेअरवाला आधी गिऱ्हाइकाकडे नीट बघून घेतो.

किट कोणताही घ्या, एकाच जातीचे चार-पाच घ्यावेत. दर नव्या जातीबरोबर माप दाखवणारी बुशिंगं बदलतात, बहुधा बिटही बदलतं, आणि छंदाचं दुकान होतं. किटातल्या धातूच्या भागांच्या मुलाम्यात सोनेरी सगळ्यांना भुरळ घालतो, पण साधा सोन्याचा मुलामा बोटांच्या घामाने लवकर उडतो, क्रोम टिकतो.

ठोकळा साधारण २० मिलिमीटर चौरस आणि १२५ मिलिमीटर लांब असतो. इथेही देखण्याच्या मागे लागू नये. गाठीचं, वेड्यावाकड्या रेषांचं लाकूड फोटोत मोहक दिसतं आणि लेथवर ढलप्यांनी उडतं. अॅक्रिलिकही नंतरचं. पहिल्या पेनाला सरळ रेषांचं, घट्ट आणि पुरतं वाळलेलं लाकूड हवं. ओलं असेल तर तयार पेनाला महिन्याभरात तडा जाऊ शकतो. शिसव उत्तम. मात्र त्यात तेल असतं, म्हणून नळी चिकटवण्याआधी भोक अॅसिटोनने पुसावं, आणि धूळ झोंबते म्हणून मास्क लावावा. सागवानावर मराठी माणसाचा जीव, पण त्यातल्या सिलिकाने पटाशीची धार लवकर बोथट होते. सुताराकडच्या उरलेल्या तुकड्यांत दोन्ही सापडतात. चहा पाजला तर निवडूनही मिळतात.

ठोकळ्याचे दोन भाग करण्याआधी त्यावर पेन्सिलीने लांब रेघ मारावी, म्हणजे जोडताना वरच्या-खालच्या भागांच्या रेषा जुळतात. रेघ विसरली, तर ‘मुद्दाम तसं केलंय’ म्हणायला मधली कडी थोडीफार मदत करते.